गंधकदरी : अर्धा पहिला, अर्धा दुसरा

रोंकाव्हेक्यो,
गुरुवार, १४ नोव्हेंबर

आदरणीय अर्जेंटिनाताईस,
धाकट्या रिबेल्लोचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जेवढं वाकता येतं तेवढं. डॉक्टरांनी कंबरेला पट्टा बांधला आहे आणि मी जन्मभर कोणापुढे वाकलो नाही, त्यामुळे कंबरेला सवयही नाही. तुझ्यापुढे मात्र वाकतो, कारण तू मला लहानपणी धुतलं आहेस, दोन्ही अर्थांनी.)

तुझा गुडघा कसा आहे? तोरिनोतल्या थंडीत तो दुखणारच. वरच्या मजल्यावरचा तो माणूस अजून अकॉर्डियन वाजवतो का? वाजवत असेल तर त्याच्याविरुद्ध अर्ज लिहून पाठवतो, फक्त सही कर. तुझ्या कॅनरीने पिसं टाकली असं तू लिहिलं होतंस; नोव्हेंबरात टाकायची नसतात, तिला अंड्याचा बलक दे. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब वाढला आहे, पण तो विचारांमुळे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, हे मला माहीत आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हा विषय असा आहे की त्यात माणसाला शेवटपर्यंत बोलू दिलं पाहिजे.

विषय सिनेमाचा आहे. हसू नकोस. ‘गंधकदरी’ हे नाव तुझ्या कानावर आलं असेल. राजे, ड्रॅगन, डोंगराच्या पोटातल्या पिवळ्या खाणी, आणि हातात हातोडा घेतलेली व्हिल्ला नावाची एक मुलगी, जी त्या खाणींतल्या गुलामांना सोडवते. पहिला भाग तीन वर्षांपूर्वी आला, दुसरा आत्ता. आता तू विचारशील, चाळीस वर्षं रेल्वे कामगारांच्या संघटनेत भाषणं केलेला, तीन हजार पुस्तकं वाचलेला माणूस ड्रॅगनच्या नादी कसा लागला. लागला नाही, ताई. ओढला गेला. आणि का, ते तुला अर्धं माहीत आहे, कारण आपली लेदा तुला सगळं सांगते.

उरलेलं अर्धं मी सांगतो. गेल्याच्या गेल्या नाताळात या माझ्या नातीने भरल्या ताटावर जाहीर केलं की बोलोन्यातलं इंजिनीअरिंग ती सोडते आहे (चार पेपर राहिले होते, फक्त चार), आणि रोमला जाऊन सिनेमात पडण्याचं शिक्षण घेणार आहे. घोड्यावरून पडायचं, जिन्यावरून पडायचं, नटीच्या ऐवजी. मी उभा राहिलो आणि बोललो. किती वेळ बोललो ते मला आठवत नाही, पण माझ्या मुलाने नंतर सांगितलं की रश्शातले सारण भरलेले काप्पेल्लेत्ती गार होऊन त्यावर साय आली होती. मी शेवटी असं म्हणालो की या घरातली माणसं घाव झेलूनही उभी राहिली, आणि या घरातली मुलगी आता पैसे घेऊन पडणार. वाक्य चांगलं होतं. आजही चांगलं आहे. तीच अडचण आहे, ताई, माझी वाईट वाक्यं लोक विसरतात. लेदाने कोट घातला आणि चारची गाडी पकडली. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं नाही.

सप्टेंबरात तिचं कार्ड आलं. तसंच्या तसं उतरवतो : ‘आजोबा, गंधकदरीच्या दुसऱ्या भागात मी आहे. माझा चेहरा दिसत नाही. मला ओळखलंस तर फोन कर. नाही ओळखलंस तर नको करूस.’ खाली सही. प्रेम, पप्पी, काही नाही. मी ते कार्ड औषधांच्या डबीखाली ठेवलं, म्हणजे दिवसातून तीनदा दिसे. आता तूच सांग, नातीला पाठमोरी ओळखणं हे काय अवघड काम आहे? मी गर्दीच्या फलाटावर पाठमोऱ्या संपफोड्यांना ओळखत असे.

आपल्या कामगारांच्या लोकगृहातल्या सिनेमाचं तुला ठाऊक आहेच. अजून चालतो. तिकिटं अजून इओले देते, तीच इओले जिच्याशी तू एकदा टोपीवरून भांडली होतीस. महिन्यातून एकदा सिनेमानंतर चर्चा होते : मंचावर दोन वक्ते, टेबलावर घंटा, प्रत्येकाला तीन मिनिटं, शेवटी हात वर करून मतदान. (तीन मिनिटांचा नियम माझ्यामुळे झाला. इतिहासात ज्यांच्यामुळे कायदे झाले त्यांत मी एक.) या रविवारी विषय होता, ‘गंधकदरी : कुठला भाग सरस?’ पहिल्या भागाच्या बाजूने औषधांच्या दुकानातली झेलिंदा ब्रांदोलिनी, दुसऱ्याच्या बाजूने मी. मी स्वतः मागून घेतलं. माझा बेत असा की दुसऱ्या भागाची अशी बाजू मांडायची, की त्याची बातमी रोमपर्यंत जावी, आणि बोलता बोलता सर्वांसमक्ष सांगायचं, ती पाठ कोणाची आहे ते. फोन मग घरी जाऊन करायचा. क्षमा मागण्याची ही माझी पद्धत आहे. तू म्हणशील सरळ माग. सरळ मागायला मी कधी शिकलो नाही, मला व्यासपीठ लागतं.

आता पहिला भाग मी पाहिला नव्हता. पण भाषणाला त्याची गरज नव्हती, कथा कळली की पुरे. म्हणून शनिवारी मी सेकोंदोकडे केस कापायला गेलो. आपल्या गावात जो सिनेमा पाहायचा राहतो तो सेकोंदोच्या खुर्चीत बसून ऐकता येतो. त्याने सुरुवात फार तपशिलात केली : व्हिल्ला मेंढ्या राखते, एक म्हातारा तिला हातोडा देतो, मग मेंढ्या, मग राजाची माणसं येतात, मग पुन्हा मेंढ्या. कात्री हवेत धरून तो मेंढ्यांचे आवाजही काढत होता. आणि ती खाणीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच त्याने माझ्या मानेवरचं फडकं झटकलं. मी म्हटलं, ‘पुढे?’ तो म्हणाला, ‘पुढे काय, लढाई, नेहमीचंच. तुमच्या डोक्यावर यापेक्षा जास्त कथा बसत नाही हो.’ मला ते पुरेसं वाटलं. घरी येऊन मी टिपण केलं : ‘पहिला भाग : मंद, मेंढ्या फार.’

रविवारी दुसरा भाग दोन खेळांत होता, दोन वाजता आणि साडेचारला, आणि चर्चा सातला. निदान महिनाभर भिंतीवर तसा कागद होता. दोन वाजता मी जेवत होतो. (रविवारी दोन वाजता जो माणूस जेवत नसेल तो आपल्या प्रांतातला नाही.) तीन वाजून गेल्यावर मी निवांत निघालो, आणि यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण तू आणि मी सिनेमा कसा पाहायला शिकलो ते आठव. वेळेवर जाणं हे वकिलांच्या घरचं काम होतं. आपण बाबांचं काम संपलं की जायचो, कुठल्याही प्रसंगात शिरायचो, शेवट पाहायचो, दिवे लागले की बिया खायचो, पुन्हा सुरू झालं की सुरुवात पाहायची, आणि आपण शिरलो तो प्रसंग आला की बाबा कोपराने ढोसायचे, ‘चला, इथे आलो होतो आपण.’ आपल्या आईने तर आयुष्यात एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नाही. प्रत्येक खलनायक तिला आधी मेलेला आणि मग जिवंत दिसला, म्हणून ती प्रत्यक्षातही कुठल्याच बड्या माणसाला घाबरत नसे. अशा पद्धतीने वाढलेल्या माणसाला, सुरुवात चुकली म्हणजे काय चुकलं, हेच कळत नाही.

दारात इओले म्हणाली, ‘आता आलास? अर्धा झाला.’

‘आम्ही असाच पाहतो.’

‘दारावर काय लावलंय ते वाचलंस का?’

‘इओले, मी पन्नास वर्षं वाचतोय,’ असं म्हणून मी आत गेलो. (हे वाक्य मला आता रात्री झोपू देत नाही.)

आत पडद्यावर एक पूल जळत होता. ताई, काय पूल होता तो. दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याच्या मधोमध व्हिल्ला, तिच्यासमोर काळा ड्रॅगन, केवढा म्हणशील, आपल्या स्टेशनाच्या छपराएवढा. आणि मग कॅमेरा तिच्या मागे गेला. पाठ, मान, वर बांधलेले केस. ती वळली नाही, मागे हटली नाही, हातोडा दोन्ही हातांनी धरून तशीच उभी राहिली, आणि पूल खालून तुटला तेव्हा पुलाबरोबर गेली. मी ती मान ओळखली. ती आपल्या आईची मान होती, धुण्याची पाटी डोक्यावर घेतल्यावर दिसायची ती. मला शेजारच्याला सांगावंसं वाटलं, पण शेजारी कोट ठेवलेला होता. मी कोटाला सांगितलं.

मग राजा मेला, गुलाम सुटले, दिवे लागले. मी खारवलेल्या भोपळ्याच्या बिया घेतल्या आणि सुरुवातीची वाट पाहत बसलो. पडदा पुन्हा उजळला, आणि मोठ्या पिवळ्या अक्षरांत आलं, ‘गंधकदरी, भाग दुसरा’. बरोबर. मी त्याच्यासाठीच आलो होतो. राजा, जो मघाशी मेला होता, तो सिंहासनावर बसून द्राक्षं खात होता. सुरुवातीला राजे जिवंतच असतात. एक अंडं फुटलं आणि त्यातून बोकडाएवढा ड्रॅगन निघाला; वाढेल, म्हटलं, मघाशी पाहिलाच आहे किती वाढतो ते. गावकरी दरीवर पूल बांधत होते. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं तो पुढे जळणार आहे. तासाभराने पुलावरचा शेवटचा दगड बसला, मध्यंतराचे दिवे लागले, आणि मी बाबांची आठवण काढून स्वतःलाच कोपराने ढोसलं. चला, इथे आलो होतो आपण. टोपी घातली, बाहेर बारमध्ये बसलो, आणि दीड तासात चौदा पानांचं भाषण लिहिलं. इओलेने काचेतून माझ्याकडे दोनदा पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

सात वाजता त्रेचाळीस माणसं होती. झेलिंदाबाई आधी बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की पहिल्यात धीर होता, दुसऱ्यात घाई आहे; पहिल्यात ड्रॅगन दोनदाच दिसतो म्हणून त्याची भीती वाटते, दुसऱ्यात तो कुत्र्यासारखा पायांत घोटाळतो. त्या तीन मिनिटांत संपवतात, दोन गोळ्या मोजून द्याव्यात तशा. मग मी उठलो. मी म्हटलं, मित्रांनो, पहिला भाग ही मेंढ्यांची वंशावळ आहे. (सेकोंदो मागून म्हणाला, ‘अहो, मी अर्धीच सांगितली होती, तुमचे केस संपले.’ मी दुर्लक्ष केलं.) मी म्हटलं, दुसऱ्यात इतिहास आहे. माणसं पूल बांधतात, त्याच पुलावर त्यांना लढावं लागतं, आणि तोच पूल त्यांच्या पायाखालून जातो. राजे द्राक्षं खात सुरू होतात आणि मातीत संपतात. एवढी घट्ट वीण मी गेल्या वीस वर्षांत पाहिली नाही. घंटा वाजली. मी घंटेवर टोपी ठेवली. आणि म्हटलं, त्या जळत्या पुलावर जी मुलगी पाठमोरी उभी आहे, तिचा चेहरा तुम्हाला दिसला नाही, कारण ती नटी नाही. नटीच्या ऐवजी पडणारी आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिला म्हणालो होतो की आपण उभे राहणारे आहोत आणि तू पडणारी. आज मी पाहिलं, ती आधी किती वेळ उभी राहते ते. मित्रांनो, ती माझी नात आहे, लेदा झोफ्फोली.

सभागृह गप्प झालं. मला ती शांतता माझी वाटली. चाळीस वर्षांत मी अशी शांतता चार-पाचदाच कमावली आहे. सेकोंदोची बायको मोबाइल वर धरून सगळं टिपत होती, आणि मी किंचित त्या बाजूला वळलो.

तेवढ्यात झेलिंदाबाई हळूच म्हणाल्या, ‘झोफ्फोली, तो पूल पहिल्या भागात आहे.’

‘ते तुमचं मत झालं.’

‘मत नाही हो. पूल आहे.’

इओले तिकिटांचं पुडकं हातात घेऊनच दारातून आत आली. ‘रिबेल्लो, तू शिरलास तेव्हा काय चाललं होतं?’

‘पूल जळत होता.’

‘आणि उठलास कधी?’

‘मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा. जिथे आलो होतो तिथे.’

इओलेने पुडकं टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना समजेल अशा संथपणे सांगितलं की बऱ्याच जणांचा पहिला भाग पाहायचा राहिला होता, म्हणून तिने दोनच्या खेळाला पहिला लावला होता, साडेचारला दुसरा, आणि तसा कागद शुक्रवारपासून दारावर होता, लाल शाईत. ‘म्हणजे तू पहिल्याची शेपटी पाहिलीस आणि दुसऱ्याचं डोकं. आणि पहिल्याचं डोकं सेकोंदोकडून ऐकलंस. दुसऱ्याची शेपटी तुला ठाऊकच नाही.’

‘आणि तो पूल?’ मी विचारलं.

‘जळला तो पहिल्यात. दुसऱ्यात ते परत बांधतात,’ सेकोंदो म्हणाला. ‘राजा द्राक्षं खातो ते व्हिल्लाचं स्वप्न आहे. आणि अंड्यातून निघतं ते मेलेल्या ड्रॅगनचं पोर.’

मग हसणं सुरू झालं. आपल्या गावचं हसणं तुला आठवत असेल, ते पहिल्या रांगेत सुरू होतं आणि बाहेर सायकली लावलेल्या असतात तिथपर्यंत जातं. दुसरा कोणी असता तर बसला असता. ताई, मी बसलो नाही, आणि इथेच माझा घात झाला. मी हात वर केला आणि म्हटलं, हसा, पण आधी विचार करा. मी, सावधपणे पाहणारा माणूस, एका सिनेमाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात उलट्या क्रमाने पाहतो, आणि मला कुठेही टाका दिसत नाही. यातून काय सिद्ध होतं? माझा गाढवपणा? असेल. पण त्याहून मोठी गोष्ट सिद्ध होते. दुसरा भाग पहिल्याच्याच मापाने बेतलेला आहे. तोच पूल, तोच राजा, तोच ड्रॅगन, फक्त लहान. ज्या भागाचं डोकं पहिल्याच्या धडावर इतकं बिनबोभाट बसतं, त्याला स्वतःचं धड कुठे आहे? मित्रांनो, मी बाजू बदलतो. माझ्या चुकीपेक्षा मोठा पुरावा झेलिंदाबाईंकडेही नाही.

टाळ्या पडल्या, ताई. उभं राहून. मतदान झालं : पहिल्याच्या बाजूने एकतीस, दुसऱ्याच्या बाजूने अकरा, एक माणूस झोपलेला. झेलिंदाबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की तुमच्याशिवाय मी जिंकले नसते. सांजोव्हेझे वाइनची बाटली उघडली. मी दुसरा पेला ओठाला लावला, आणि तेव्हा मला समजलं की मी भर सभेत, टाळ्यांच्या गजरात, काय केलं आहे. एका परक्या बाईच्या मानेवरून तिला मी माझी नात म्हटलं. आणि माझी नात ज्या सिनेमात खरोखर आहे, तो निकामी आहे हे एकतीस विरुद्ध अकरा मतांनी सिद्ध केलं. आणि सेकोंदोच्या बायकोने हे सगळं, टोपीसकट, त्याच संध्याकाळी लेदाला पाठवलं होतं. ‘तिला बरं वाटेल म्हणून,’ ती म्हणाली.

मंगळवारी उत्तर आलं, इओलेच्या मोबाइलवर, कारण मी ते यंत्र बाळगत नाही. इओलेने मला ते वाचून दाखवलं, आणि वाचताना तिने चष्मा दोनदा पुसला : ‘आजोबांना सांगा, त्या पुलावरच्या बाईंचं काम खरंच सुंदर आहे. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, त्यांना मी आजोबांचं कौतुक कळवीन. तो पूल पडला तेव्हा मी बोलोन्यात पुलांच्याच पेपरला बसले होते.’ बस. एवढंच.

तर हे असं आहे. मला कोणाची सहानुभूती नको. तत्त्व म्हणून मी अजूनही म्हणतो की कुठल्याही दुसऱ्या भागाचा मुळात संशय घ्यावा. क्रांतीचा दुसरा भाग पाहा, लग्नाचा पाहा, आपल्या नगरपालिकेचा पाहा. पहिल्यात माणसाला काहीतरी सांगायचं असतं, दुसऱ्यात त्याला पहिल्यासारखं ऐकवायचं असतं. यावर मी एक स्वतंत्र लेख लिहितो आहे. तुझ्याकडे मी काहीही मागत नाही, फक्त माझी बाजू तुला कळावी म्हणून लिहिलं. लेदा तुला फोन करते हे मला माहीत आहे. मी ते काही सुचवण्यासाठी लिहिलेलं नाही.

गुडघ्याला लोकर बांध, जिना दिवसातून एकदाच उतर, आणि तोरिनोच्या लोकांना आपला आवाज ऐकू जाईल एवढ्या जोरात बोलत राहा.

तुझा, धुतलेला,
रिबेल्लो

ता. क. शनिवार. पत्र टाकलं नव्हतं. काल मी चेझेनाला गेलो, बसने, तिथल्या बारा पडद्यांच्या सिनेमागृहात. अर्धा तास आधी पोचलो. जाहिरातींपासून बसलो. मध्यंतरात उठलो नाही, जरी खुर्चीने पाठीचं वाटोळं केलं. आणि शेवटच्या नावापर्यंत थांबलो. नावं वर सरकत होती आणि झाडूवाली बाई माझ्या रांगेच्या टोकाशी उभी होती, तिला मी हाताने थांबवलं. लेदा झोफ्फोली, लहान अक्षरांत, डावीकडे. बाईला दाखवेपर्यंत वर गेलं.

झेलिंदाबाईंना सांगू नकोस, पण दुसरा भाग सरस आहे. पहिल्यात व्हिल्ला एकटी लढते. दुसऱ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात तिला कळतं की सोडवलेली माणसं पुन्हा त्याच खाणीत कामाला लागली आहेत, मजुरी घेऊन, आणि हे आता हातोड्याने सुटणार नाही. मी चाळीस वर्षं जे सांगत होतो ते, ड्रॅगनसह. शेवटी किल्ल्याच्या बुरुजावर चार बायका दोर कापतात आणि एकामागून एक खाली पडतात. चौघींनी शिरस्त्राणं घातली आहेत. चौघी पाठमोऱ्या. ताई, मला कळलं नाही कोण लेदा. पहिली पडली, मी म्हटलं हीच. दुसरी पडली, तेव्हा हीच. तिसरीला मी डोळे मिटले. चौथी पडली तेव्हा मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो आणि मागच्याने मला बसायला सांगितलं. पैजच लावायची तर मी चौथीवर लावीन, तिच्या मानेत आपल्या आईचा डौल होता. मी रडलो, पण चौघींसाठी रडलो, आणि यावरून काही ठरत नाही.

म्हणून विनंती. तू तिला सहज विचार, माझं नाव न घेता, आणि मला फक्त आकडा कळव. एक, दोन, तीन की चार. मग मी फोन करीन आणि म्हणेन की ओळखलं.

आणखी एक ता. क. त्याच दिवशी, दुपारी. वरची विनंती रद्द. ज्याने चाळीस वर्षं लोकांना खोट्या हजेरीपासून परावृत्त केलं त्याने नातीच्या परीक्षेत बहिणीकडून उत्तर मागायचं, हे मला जेवताना गिळेना. मी फोन केला. मी म्हटलं, ‘लेदा, मी तुला ओळखलं नाही. चौघी पडल्या आणि मला चारही वेळा भीती वाटली.’  ती म्हणाली, ‘तीन.’

मी विचारलं, ‘तिसरी तू?’

‘पहिल्या तिन्ही मीच, आजोबा. चौथ्या वेळी माझं मनगट मुरगळलं होतं. तो तुल्लियो आहे, विग घालून.’

‘तुल्लियो कोण?’

‘तेच सांगायला येतेय. पुढच्या रविवारी, त्याला घेऊन. आणि आजोबा, जेवताना भाषण करायचं असेल तर कर, पण बसून कर.’

तर ताई, पुढच्या शनिवारच्या गाडीने तू ये. गुडघा मला ठाऊक आहे, स्टेशनवर मी खुर्ची घेऊन उभा असेन. स्वयंपाकासाठी बोलावत नाही, काप्पेल्लेत्ती इओले करणार आहे. पण ज्या तरुणाच्या मानेत मी आपली आई पाहिली आणि ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त रडलो, त्याला दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते मला सुचत नाहीये. फोन ठेवल्यापासून बसलोय. तू म्हण काहीतरी, मी मागे उभा राहीन.